काम दिलं, पण टिकायला जागा दिली का?

(सामुदायिक रेडिओवरील 'गटाच्या गोष्टी' या कार्यक्रमातील भाषण)

 

मागच्या महिन्यात एका गटाकडून आपल्या कार्यक्रमाला एक प्रश्न आला. गटाचं आणि गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण त्यांनी तशी विनंती केली आहे. हा बारा जणींचा गट मसाल्याचा धंदा करतो. मिरची आणतात, निवडतात, कांडतात, पाकिटं भरतात आणि आठवडी बाजारात विकतात. दिवाळीच्या आधी कामाला माणसं कमी पडतात. अशा वेळी गावातली एक व्यक्ती त्यांच्याकडे काम मागायला आली. घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं. पण ती लहानपणापासून स्वतःला मुलगीच मानत आली आणि आता बाईसारखीच राहते. घरातून बाहेर पडावं लागलं, तेव्हा काही वर्षं शहरात काढली. तिथं पाकिटं भरण्याचं, सील करण्याचं कामही शिकली. आता आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आली आहे. ती म्हणाली, "ताई, मला काम द्या. जमलं तर गटातही घ्या."

बैठकीत दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, घेऊ या, माणूसच आहे. काहीजणी म्हणाल्या, गिऱ्हाईक तुटेल. एक म्हणाली, घरून मलाच कामावर येऊ देणार नाहीत. शेवटी त्यांनी आपल्याला विचारलं, "घ्यावं का? आणि घेतलं तर निभेल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे आणि ते मी लगेच देते. घ्यावं. पण दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि आजचं बोलणं त्यावरच आहे. काम देणं एका दिवसाचं असतं. ते काम टिकावं यासाठी काय करायचं, हे आधी ठरवावं लागतं.

आधी शब्दांचं बघू. आपल्याकडे तृतीयपंथी म्हणतात, किन्नर म्हणतात, हल्ली पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर हेही शब्द कानावर येतात. जन्माच्या वेळी सुईण किंवा डॉक्टर सांगतात, मुलगा झाला किंवा मुलगी झाली. मोठं होताना ते सांगणं आपल्याला लागू नाही असं ज्यांना आतून जाणवतं, ती ही माणसं. काही मुलगा म्हणून वाढवलेली असतात आणि स्वतःला बाई मानतात. काही मुलगी म्हणून वाढवलेली असतात आणि स्वतःला पुरुष मानतात. या दुसऱ्या प्रकारच्या माणसांबद्दल गावात कुणी बोलत नाही, कारण त्यांचं लवकर लग्न लावून दिलं जातं आणि आवाज तिथंच दबतो. 'हिजडा' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. भांडणात, चेष्टेत, कुणाला कमी लेखायला. तो वापर आपण आजपासून सोडू या. माणसाला काय म्हणायचं हे त्या माणसालाच विचारावं, म्हणजे चुकायचा प्रश्नच येत नाही.

ही माणसं शहरातच असतात असं आपल्याला वाटतं. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच स्त्री, पुरुष आणि इतर अशी नोंद झाली. देशात ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची नोंद 'इतर' म्हणून झाली. महाराष्ट्रात ४० हजार ८९१. आणि देशातल्या त्या आकड्यात निम्म्याहून जास्त माणसं खेड्यापाड्यात राहणारी होती. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर जोगते आपण पाहिलेत. त्यांच्या परडीत पीठमीठ घातलं आहे, पाया पडलो आहोत. म्हणजे देवाच्या नावानं ही माणसं आपल्या दारात चालतात. कामाच्या नावानं आली की मात्र आपण दार लावून घेतो.

मग ती मागायला का जातात, असं विचारतात. उत्तर साखळीसारखं आहे. शाळेत चिडवतात म्हणून शाळा सुटते. घरात मारझोड होते म्हणून घर सुटतं. घर सुटलं की कागद घरीच राहतात. कागद नाहीत म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून भाड्यानं खोली नाही. पोट तर थांबत नाही. मग सिग्नलवर टाळी वाजवावी लागते. ही साखळी कुठंतरी एका कडीला तोडावी लागते. गावातल्या गटाला सगळी साखळी तोडता येत नाही, पण कामाची कडी नक्की तोडता येते.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात सांगते. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की तृतीयपंथी व्यक्तींना या देशाच्या नागरिकाचे सगळे हक्क आहेत. या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही आपली बाजू मांडली होती. त्यानंतर २०१९ साली संसदेनं कायदा केला. नोकरी देताना, बढती देताना तृतीयपंथी म्हणून भेदभाव करायचा नाही, असं त्यात आहे. तृतीयपंथी व्यक्तीला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणं, छळ करणं, हा त्या कायद्यानं गुन्हा ठरवला आणि त्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली. म्हणजे गटातल्या कुणी "हिला गावातून घालवू या" असं म्हटलं, तर तिला प्रेमानं पण स्पष्ट सांगा की बाई, यात पोलीस केस होते.

पण कायदा असून भागत नाही. याची एक मोठी गोष्ट सांगते, आणि ती बायकांच्या गटांशीच जोडलेली आहे.

केरळमध्ये १९९८ पासून 'कुटुंबश्री' नावाचं काम चालतं. आपल्याकडे जशी 'उमेद' आहे, गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ आहेत, तसंच हे बायकांचं मोठं जाळं. २०१७ च्या जून महिन्यात कोची शहरात मेट्रो रेल्वे सुरू झाली. स्टेशनवरची तिकीट खिडकी, साफसफाई, प्रवाशांना मदत अशी कामं कुटुंबश्रीच्या बायकांकडे आली. त्यातच मेट्रोनं एक ठराव केला की तृतीयपंथी व्यक्तींनाही ही नोकरी द्यायची. वीसहून अधिक जणांची निवड झाली. प्रशिक्षण झालं, गणवेश मिळाला, शिक्षणाप्रमाणे कुणी तिकीट खिडकीवर, कुणी साफसफाईवर. देशभर वर्तमानपत्रांत फोटो आले. सगळ्यांनी कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं.

आणि मग काही दिवसांतच बातमी आली की त्यातल्या आठ जणींनी नोकरी सोडली.

का सोडली? काम जमलं नाही म्हणून? नाही. प्रवाशांनी त्रास दिला म्हणून? तेही मुख्य कारण नव्हतं. त्यांना शहरात राहायला खोली मिळेना. घरमालक तृतीयपंथी म्हटल्यावर नाही म्हणायचे, किंवा भाडं वाढवून सांगायचे. मग रोजच्या भाड्यानं लॉजमध्ये राहायची वेळ आली. लॉजचं रोजचं भाडं पगार खाऊन टाकू लागलं. महिनाअखेर हातात काय उरणार? हिशोब जमेना, म्हणून नोकरी सुटली. बातम्या आल्यावर राहण्याच्या सोयीसाठी धावपळ सुरू झाली. जी गोष्ट आधी बघायला हवी होती, ती नंतर बघावी लागली.

मैत्रिणींनो, कोचीत हेतू चांगला होता. बायकांच्या गटांचं जाळं पाठीशी होतं. पगार होता, गणवेश होता. तरी एका खोलीवाचून गाडं अडलं. यातून आपण एकच गोष्ट गाठीला बांधायची. काम हे एकट्या खुंटीवर टांगलेलं नसतं. राहायची जागा, येण्याजाण्याची वाट, शौचालय, स्वतःचं नाव, वेळेवर आणि बरोबरीची मजुरी, आणि सोबत बसून भाकरी खाणारं कुणीतरी. यातली एक खुंटी जरी निघाली तरी काम खाली येतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं आम्ही कुठून करणार? आम्ही काय मेट्रो आहोत? पण खरं सांगू, हे बायकांना नवीन नाही. बायकांच्या ज्या संस्था टिकल्या, त्या असा विचार केल्यामुळेच टिकल्या.

लिज्जत पापड घ्या. १५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी बसल्या, ८० रुपये उसने घेतले आणि पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्या काळी बाईनं कारखान्यात जाणं घराला मान्य नव्हतं. मग त्यांनी बाईला कारखान्यात ओढलं नाही. सकाळी मळलेलं पीठ न्यायचं, घरी पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, पैसे घ्यायचे. आणि जिच्या घरात पापड लाटायला, वाळवायला जागा नसेल, तिला नाही म्हणून परत पाठवायचं नाही. तिला पीठ मळायला घ्यायचं, पाकिटं भरायला घ्यायचं. बघा, माणसाची अडचण ओळखून काम वळवलं. मग आज एका नव्या व्यक्तीसाठी थोडं वळवायला आपल्याला काय जड आहे?

दुसरं उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं, म्हसवडचं. तिथं चेतना सिन्हा यांनी आणि गावातल्या बायकांनी मिळून बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला, कारण अर्जावर अंगठे होते, बायका निरक्षर होत्या. बायका गप्प बसल्या नाहीत. त्यांनी लिहायला-वाचायला शिकायला सुरुवात केली. आणि पुन्हा जाऊन साहेबांना म्हणाल्या की आम्हाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण व्याजाचा हिशोब येतो, तुमच्या माणसांनाही घाला हिशोब आणि आम्हालाही घाला, बघू कोण आधी सांगतं. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. त्या साहेबांना आधी काय दिसलं? बायकांना काय येत नाही ते. काय येतं ते दिसलंच नाही. आपल्या दारात काम मागायला कुणी तृतीयपंथी येते, तेव्हा आपणही त्या साहेबांसारखं तर बघत नाही ना? तिचा आवाज, तिची चाल, तिची साडी आपल्याला आधी दिसते. ती एका तासात किती पाकिटं सील करते, हे आपण विचारतच नाही.

तिसरी शिकवण दलित उद्योजकांकडून घ्यायची. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची एक संघटना उभी केली, तिला 'डिक्की' म्हणतात. या उद्योजकांच्या अडचणी आपल्या ओळखीच्या आहेत. तारण ठेवायला जमीन नाही, बाजारात ओळख नाही, आडनाव ऐकलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. त्यांच्याकडून शिकायचं ते हे की नुसत्या सहानुभूतीवर धंदा चालत नाही. माल घेणारा लागतो, ऑर्डर लागते. म्हणूनच केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात आता असं आहे की सरकारी खाती आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल लहान उद्योगांकडून घ्यायचा, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. ही दया नव्हे. तुम्ही चांगला माल द्या, आम्ही तो घेऊ, असा हा सरळ व्यवहार आहे.

कल्पना सरोज यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातली दलित घरातली मुलगी, बाराव्या वर्षी लग्न झालं, सासरी छळ झाला. पुढं मुंबईत शिवणकामापासून सुरुवात केली. बुडीत निघालेल्या कमानी ट्यूब्स या कारखान्यातले कामगार मदतीसाठी त्यांच्याकडे आले. २००६ साली त्या कारखान्याच्या अध्यक्ष झाल्या, कारखाना पुन्हा उभा केला. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कारखाना बुडत असताना कामगारांनी जात विचारली नाही, काम करणारा माणूस शोधला. आपणही दिवाळीच्या तोंडावर माणसं कमी पडतात तेव्हा तेच करायला हवं.

आता त्या गटातल्या बायकांच्या शंका एकेक करून घेऊ. शंका विचारल्या हे चांगलंच झालं. मनात ठेवून नंतर कुजबुज करण्यापेक्षा बैठकीत बोललेलं बरं.

पहिली शंका, गिऱ्हाईक काय म्हणेल? खाण्याची वस्तू आहे, तिचा हात लागलेला लोक घेतील का? मैत्रिणींनो, हे वाक्य जरा पुन्हा ऐका. "हिचा हात लागलेला चालेल का?" हे वाक्य कुणाकुणाला ऐकवलं गेलं आहे? आपल्याच दलित मैत्रिणींना पिढ्यान्‌पिढ्या. आणि महिन्याच्या चार दिवसांत आपल्यालाही, प्रत्येकीला. पापडाला शिवू नको, लोणच्याच्या बरणीला हात लावू नको, नासेल. लोणचं नासतं ते ओल्या चमच्यानं. मसाला खराब होतो तो दमट हवेनं, न धुतलेल्या हातानं. हात धुतला होता का, हे मसाल्याला कळतं. हात कुणाचा होता, हे कळत नाही. तेव्हा नखं कापलेली, केस बांधलेले, डोक्याला टोपी, हात साबणानं धुतलेले, हा नियम सगळ्यांना सारखा ठेवा. आणि कुणी बाजारात विचारलंच तर पाकिटावरची तारीख आणि वजन दाखवा, मसाल्याचा वास द्या.

दुसरी शंका, शौचालयाची. आपल्या कांडपाच्या शेडला बहुतेक ठिकाणी एकच शौचालय असतं. त्याला आतून कडी असली, दार नीट लागत असलं, पाणी असलं की प्रश्न मिटला. ती बाई म्हणून राहते, बायकांबरोबर काम करते, तर तेच शौचालय वापरेल. कडी तुटकी असेल तर आधी कडी बसवा. ती कडी तुम्हालाही हवीच होती.

तिसरी शंका जरा नाजूक आहे. "आमच्या मुलीबाळी येतात तिथं, काही वेडंवाकडं झालं तर?" माणूस कसा आहे हे त्याच्या वागण्यावरून ठरतं. कामाच्या ठिकाणी कुणी कुणाला त्रास दिला, मग ती कुणीही असो, तर त्याची दखल घ्यायची. हा नियमही सगळ्यांना सारखा. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. त्रास देणारी ती असण्यापेक्षा तिला त्रास दिला जाण्याची भीतीच जास्त असते. रस्त्यावर पोरं शिट्ट्या मारतात, घाणेरडं बोलतात. काम सुटल्यावर पहिले काही दिवस दोघीजणी तिच्याबरोबर चालत घरी गेल्या, तर गावाला न बोलता कळेल की ही आपल्या गटाची आहे.

चौथी शंका, गाव काय म्हणेल? तर गावानं काय काय केलं आहे ते ऐका. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात तरंगफळ नावाचं गाव आहे. २०१७ साली तिथल्या लोकांनी ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट मतदानातून सरपंच केलं. गाव त्यांना माऊली म्हणतं. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुक गावात अंजली पाटील ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या. महिलांच्या जागेवरचा त्यांचा अर्ज नाकारला गेला, तेव्हा त्या उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयानं त्यांना त्या जागेवर लढू दिलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या निवडून आल्या. ही काही शहरं नाहीत, आपल्यासारखीच गावं आहेत. आपण गावाला उगाच लहान समजतो. गाव बघत असतं की पुढं कोण होतं.

आणि मोठ्या कामाचं म्हणाल, तर झारखंडमधल्या वेस्ट बोकारो इथं टाटा स्टीलनं २०२१ साली १४ तृतीयपंथी व्यक्तींना खाणीतली अवजड यंत्रं चालवायला घेतलं. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं २०२२ साली तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षा रक्षक म्हणून काम दिलं. पोलीस भरतीत तृतीयपंथी उमेदवारांना संधी द्या, असं मुंबई उच्च न्यायालयानं राज्य सरकारला सांगितलं, तेही २०२२ च्याच डिसेंबरात. खाणीतलं यंत्र चालवता येतं, तर पाकीट सील करण्याचं यंत्र का चालवता येणार नाही?

आता कागदाचं. तिच्याकडे जुन्या नावाचं आधार कार्ड असेल. कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून तृतीयपंथी म्हणून ओळखीचं प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यावरून पुढं आधार, बँक अशा कागदांवर नाव बदलता येतं. याची माहिती जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात मिळते. नियमांत बदल होत असतात, म्हणून जाण्याआधी सध्या कोणते कागद लागतात ते फोन करून विचारा, आणि तिला एकटीला पाठवू नका. कार्यालयात पहिल्या खिडकीवर एकटीला हसणारे लोक दोघीतिघी बघून गप्प बसतात, हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे. तोवर कागद नाही म्हणून काम थांबवू नका. मजुरीच्या वहीत ती सांगेल ते नाव लिहा. बँकेच्या अर्जात तृतीयपंथी असा रकाना ठेवावा, असं रिझर्व्ह बँकेनं २०१५ सालीच सगळ्या बँकांना सांगितलेलं आहे.

गटात सभासद म्हणून घेता येईल का, असंही विचारलं आहे. गटांच्या राष्ट्रीय अभियानात तृतीयपंथी व्यक्तींचा विचार केलेला आहे. अपंग, वृद्ध, तृतीयपंथी अशांच्या विशेष गटांत स्त्री-पुरुष दोघंही चालतात, आणि विशेष गटाला दहा माणसांची अट नाही, पाच जणांचाही गट होतो. तुमच्या गटात घ्यायचं की परिसरातल्या चारपाच जणींचा वेगळा गट बांधून तो तुमच्या ग्रामसंघाला जोडायचा, हे तुमच्या सीआरपी ताईंना आणि तालुक्याच्या उमेद कार्यालयाला विचारा. पण त्याआधी तिला विचारा. तिला वेगळा गट नको असेल. गावात एकटीचाच वेगळा गट कसा करणार? तिला तुमच्यात बसायचं असेल.

आता पुढच्या मासिक बैठकीत काय करायचं, ते सांगते. इतिवृत्ताच्या वहीत लिहून घेता येईल असं आहे.

पहिलं, मजुरी. किलोमागे किंवा दिवसाला जो दर बाकीच्यांना, तोच तिला. "आम्ही कामावर घेतलं हेच उपकार" म्हणून दहा रुपये कमी देऊ नका. उपकार करून घेतलेलं माणूस मान वर करून काम करत नाही.

दुसरं, नाव. ती सांगेल त्या नावानं हाक मारायची. "अहो" म्हणायचं की "अगं", हे जसं वयाप्रमाणे आपण आपसात ठरवतो तसंच.

तिसरं, प्रश्न. तिच्या शरीराबद्दल, ऑपरेशनबद्दल कुणी विचारायचं नाही. आपलं बाळंतपण कसं झालं, गर्भपिशवी आहे की काढली, हे नव्या बाईनं पहिल्याच दिवशी विचारलेलं आपल्याला चालेल का?

चौथं, अडचणीची विचारपूस. राहायला कुठं आहे, आईजवळ कोण असतं, यायचा रस्ता कुठून, हे आधीच विचारायचं. कोचीची गोष्ट आठवा. आई अंथरुणाला आहे, तर कदाचित तिला दुपारी घरी जाऊन यावं लागेल. पाकिटं भरण्याचं काम घरी न्यायला देता येतं का बघा, लिज्जतच्या बायकांनी केलं तसं.

पाचवं, जबाबदारी. गटातली एकजण पहिले तीन महिने तिची सोबतीण म्हणून नेमायची. काही बोलायचं झालं तर ती त्या एकीला बोलेल. तीन महिन्यांनी बैठकीत बाकीच्यांसारखाच तिच्याही कामाचा आढावा घ्यायचा. काम चांगलं तर चांगलं म्हणायचं, कमी पडलं तर तेही सांगायचं. चुका झाकणं हाही एक प्रकारचा दुजाभावच आहे.

आणि सहावं, फोटो. तिला पुढं उभं करून फोटो काढून, आमच्या गटानं काय केलं बघा, असं मिरवू नका. तिनं स्वतः म्हटलं तरच. ती जाहिरात म्हणून आलेली नाही, मसाला भरायला आली आहे.

कुणाला अजूनही मनातून अवघड वाटत असेल, तर त्याचा राग मानू नका. सवय व्हायला दिवस लागतात. मन तयार नसेल तर शेजारी बसून मिरची निवडा, बोललं नाही तरी चालेल. मिरची निवडता निवडता ठसका सगळ्यांनाच लागतो, आणि पाण्याचा तांब्या हातोहात पुढं जातो. पुष्कळशा गोष्टी अशाच सुटतात.

 तुमच्या गावात असं कुणी असेल, किंवा तुमच्या गटानं असं पाऊल आधीच उचललं असेल, तर काय अडचण आली आणि कशी सोडवली ते आम्हाला जरूर कळवा. ते ऐकून दुसऱ्या गटाला बळ येईल. पुढच्या भागात आपण मसाला उद्योगासाठी लागणाऱ्या अन्न परवान्याबद्दल बोलणार आहोत. वही-पेन घेऊन बसा.

नमस्कार.